अडकित्त्यानं तोडलेली गोळी : माझ्या एम.फार्म. प्रबंधाचे अकरा महिने

मे २०२३ मध्ये एम.फार्म.च्या, म्हणजे औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, दुसऱ्या सत्राची परीक्षा आटोपून घरी गेले आणि आईच्या औषधांच्या डब्यात गोळ्यांचे तुकडे दिसले. एकेका गोळीचे चार-चार तुकडे, कडा चुरा झालेल्या. आई अंगणवाडी सेविका आहे. २०१९ मध्ये तिला मधुमेह निघाला आणि मेटफॉर्मिन सुरू झालं. साध्या गोळीनं तिला जुलाब व्हायचे, एस.टी.नं तालुक्याला मीटिंगला जायचं म्हणजे धास्ती. म्हणून डॉक्टरांनी पाकिटावर ‘एसआर’ लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी दिली होती.

“तोडलीस कशानं?” मी विचारलं.

“अडकित्त्यानं. अगं, केवढी मोठी असते ती! घशात अडकते. आणि गिळून उपयोग काय, संडासला तशीच पडते. कुणाला सांगू हे?”

तिचे जुलाब पुन्हा सुरू झाले होते आणि ती दोन महिने गप्प होती. मी चार वर्षं बी.फार्म. आणि वर एक वर्ष हे सगळं पुस्तकात वाचत होते, पण घरच्या डब्यात काय चाललंय ते मला ठाऊक नव्हतं. याची मला फार टोचणी लागली. प्रबंधाचा विषय तिथेच ठरला असं म्हणायला हरकत नाही, कागदावर यायला मात्र ऑगस्ट उजाडला.

तिसऱ्या सत्रात पाऊल ठेवणाऱ्या आणि ‘विषय काय घेऊ, गाइडना काय सांगू’ या विचारानं झोप उडालेल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. आमचं कॉलेज पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मध्यम शहरातलं. उपकरणं पुरेशी, पण जुनी. बहुतेकांची परिस्थिती हीच असणार.

जुलैचा अख्खा महिना वाचनात गेला. औषध हळूहळू सोडण्याची कल्पना जुनी आहे. १९५२ साली अमेरिकेत ‘स्पॅन्स्युल’ नावाची, आत वेगवेगळ्या जाडीचं आवरण असलेले बारीक दाणे भरलेली कॅप्सूल बाजारात आली. मेटफॉर्मिन फ्रान्समध्ये १९५७ पासून माणसांना दिलं जातंय. अमेरिकेत त्याला १९९४ च्या अखेरीस मान्यता मिळाली आणि दिवसातून एकदा घ्यायची गोळी २००० साली आली. हे सगळं प्रस्तावनेत येतंच. माझ्या मनात घर केलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. मेटफॉर्मिन पाण्यात भरपूर विरघळतं, पण शरीरात शिरताना अडतं. त्याचं शोषण मुख्यतः लहान आतड्याच्या वरच्या भागात होतं, आणि तोंडावाटे घेतलेल्या साध्या गोळीतलं ५० ते ६० टक्केच औषध रक्तात पोचतं. म्हणजे गोळी फार आळशी केली तर औषध तो भाग ओलांडून पुढे निघून जातं आणि वाया जातं. फार घाईची केली तर एकदम सगळं सुटून पोट बिघडतं. एसआर गोळी रात्रीच्या जेवणाबरोबर घ्या असं डॉक्टर सांगतात ते यासाठीच: भरलेलं जठर हळू रिकामं होतं, गोळी वर जास्त वेळ राहते आणि शोषण वाढतं. आई ती गोळी सकाळी चहाबरोबर घेत होती.

१० ऑगस्टला मी गाइड मॅडमना विषय सांगितला. त्या म्हणाल्या, “मेटफॉर्मिनवर शेकडो प्रबंध झालेत गं. तू वेगळं काय करणार?” मी म्हणाले, “गोळी लहान करणार.” त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “औषधच पाचशे मिलिग्रॅम आहे. त्यात लहान करायला जागा किती आहे, ते आधी मोजून आण.”

ते मोजणं तुम्हीही विषय ठरवण्याआधी करा. औषध हळू सुटावं म्हणून त्यात एचपीएमसी नावाचा पदार्थ घालतात. पाणी लागलं की त्याची जेली होते आणि औषध त्या जेलीतून वाट काढत बाहेर पडतं. त्याच्या नावातला ‘के१००एम’ म्हणजे दोन टक्के द्रावणाचा दाटपणा एक लाख सेंटिपॉइज. ‘के४एम’ म्हणजे चार हजार. मेटफॉर्मिन इतकं पाणीप्रेमी की त्याला अडवायला ही जेली भरपूर लागते. पहिल्या अंदाजानं माझी गोळी १,०१० मिलिग्रॅमची झाली, आईच्या गोळीएवढीच धिप्पाड. बऱ्याच जणांनी वापरलेली तरंगणाऱ्या गोळीची वाटही पाहिली. त्यात खायचा सोडा घालतात, जठरातल्या आम्लात वायू होतो आणि गोळी वर राहते. पण सोड्यानं वजन आणखी वाढतं. ती वाट सोडली. शेवटी ठरलं की स्टिअरिक आम्ल वितळवून औषधाच्या कणांना त्याचा मेणासारखा थर द्यायचा, म्हणजे पाणी आत शिरायला वेळ लागेल आणि एचपीएमसी कमी पुरेल. दोन्ही पदार्थांची तीन-तीन प्रमाणं धरून नऊ बॅच: एफ-१ ते एफ-९. प्रबंधाचा सारांश, म्हणजे काय करणार याचा आराखडा, १ सप्टेंबरला सादर केला, समितीनं एकदा परत पाठवला (उद्दिष्टं सहा होती, चार करायला सांगितली), आणि १४ तारखेला मंजूर झाला. उद्दिष्टं कमीच लिहा. जे लिहाल ते पूर्ण करून दाखवावं लागतं.

मग सुरू झालं औषध मिळवणं. बाजारातून शुद्ध मेटफॉर्मिन विकत घेण्यापेक्षा विद्यार्थी कंपन्यांकडे ‘गिफ्ट सॅम्पल’ मागतात. मी चौदा ईमेल पाठवले आणि दोन उत्तरं आली. पुढच्यांसाठी सांगते: कॉलेजच्या लेटरहेडवर, गाइड आणि प्राचार्य दोघांच्या सहीचं पत्र जोडल्याशिवाय कुणी उत्तर देत नाही. पत्रात प्रबंधाचं नाव, लागणारं वजन आणि ‘हे केवळ शैक्षणिक कामासाठी, विक्रीसाठी नाही’ ही ओळ हवी. सोबत विश्लेषणाचं प्रमाणपत्रही मागून घ्या, नंतर मागितलं तर महिने जातात. गणपती १९ सप्टेंबरला बसले. प्राचार्यांची सही विसर्जनानंतरच मिळाली. एक किलो मागितलं होतं, ११ ऑक्टोबरला अर्धा किलो आलं. एचपीएमसीचा नमुना गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीनं आठवड्यात पाठवला. दोन्हींच्या कुरिअरचे मिळून ३४० रुपये मी भरले.

मेटफॉर्मिनची पिशवी उघडली की माशासारखा वास येतो. पहिल्या दिवशी मला वाटलं माल खराब आलाय. लॅबमधले मामा म्हणाले, “ताई, ह्याला वास असतोच. हात धुवा नीट, डब्यात उतरतो तो.”

पंच-डायचा, म्हणजे गोळीला आकार देणाऱ्या साच्याचा, प्रश्न मी आधी लक्षातच घेतला नव्हता. कॉलेजच्या रोटरी मशीनला १२ मिलीमीटरचे गोल पंच होते. त्यात माझ्या नव्या हिशेबातलं ७६० मिलिग्रॅम भरलं तर गोळी बटणासारखी जाड होते, आणि आई म्हणते तसं, अशी गोळी घशात आडवी बसते. लांबट, १८ बाय ८ मिलीमीटरचे दोन संच करून घ्यावे लागले. खर्च ४,७०० रुपये आणि वाट पाहायला तेवीस दिवस. जीपॅट या देशपातळीवरच्या फार्मसी प्रवेश परीक्षेमुळे मला दरमहा १२,४०० रुपये स्टायपेंड मिळत होतं, म्हणून निभावलं. पण अर्जात मी आधारशी न जोडलेलं खातं दिलं होतं आणि चार महिन्यांची रक्कम अडकून राहिली होती. खातं जोडलेलं आहे ना, हे प्रवेशाच्या आठवड्यातच बँकेत जाऊन बघा.

दिवाळीत घरी गेले तेव्हा आईसमोर एक प्रयोग केला. तिची एक अख्खी गोळी आणि एक तोडलेली गोळी, दोन स्टीलच्या पेल्यांत कोमट पाण्यात टाकून देवघराच्या कोनाड्यात ठेवली. तासाभरातच तुकड्यांच्या कडा झिजून विरघळायला लागल्या होत्या. अख्खी गोळी फुगून गुळगुळीत झाली होती. सकाळी पाहिलं तर ती तशीच, पण मऊ. मी बोटानं दाबली, आत नुसती जेली.

“औषध गेलंय ह्यातलं,” मी म्हणाले. “तुला दिसते ती नुसती साल. ती पडली तरी औषध अंगी लागलेलं असतं.”

आई बराच वेळ पेल्यात बघत राहिली. “एवढं कुणी सांगितलं असतं तर मी तोडली असती का?” ती म्हणाली. तुकडे केले की पाण्याला भिडणारा पृष्ठभाग वाढतो आणि बारा तासांचं औषध दोन-तीन तासांत सुटतं, हे तिला त्या दोन पेल्यांनी पटलं. ज्यांच्या घरी कुणी एसआर गोळी घेतं, त्यांनी हा प्रयोग जरूर करून दाखवावा. गोळी तोडायची असेल तर आधी डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारा. काही गोळ्या मधल्या रेघेवर अर्ध्या करता येतात, बऱ्याच करता येत नाहीत.

नोव्हेंबरच्या अखेरीस बॅच सुरू झाल्या. वॉटर बाथवर चिनीमातीच्या बशीत स्टिअरिक आम्ल सत्तर अंशांच्या आसपास वितळतं. त्यात औषध घालून ढवळत राहायचं, गार झालं की चाळणीतून काढायचं, मग एचपीएमसी आणि शेवटी मॅग्नेशियम स्टिअरेट. वजन करून हातानं डायमध्ये भरायचं आणि मशीनचं चाक हातानंच फिरवायचं. पहिल्या तीन दिवसांत एकही धड गोळी निघाली नाही. टोपी सुटावी तशी वरची चकती सुटून यायची. याला कॅपिंग म्हणतात आणि मेटफॉर्मिन त्यासाठी बदनाम आहे. मी दाब वाढवत गेले, कॅपिंग वाढत गेलं. चौथ्या दिवशी मामांनी दाणे हातात घेऊन चुरगाळले आणि म्हणाले, “फार कोरडं आणि फार बारीक झालंय, ताई.” चाळणी बदलली, बारीक पूड कमी केली, दाब उतरवला. दुपारी पहिली अखंड गोळी निघाली. मी ती टिश्यू पेपरवर ठेवून गाइड मॅडमच्या केबिनपर्यंत जवळजवळ पळत गेले. घर्षण चाचणीच्या ड्रमात शंभर फेऱ्यांनंतर वजनातली घट एक टक्क्याच्या आत यावी लागते, माझी ०.६ आली.

या प्रबंधात सगळ्यात जास्त दमवलं ते डिसोल्यूशननं, म्हणजे गोळीतलं औषध किती वेळात किती सुटतं हे मोजण्यानं. सहा भांडी, प्रत्येकात ९०० मिलिलिटर फॉस्फेट बफर (आम्लता ठरावीक ठेवणारं द्रावण), पीएच ६.८, तापमान ३७ अंश, शंभर फेऱ्यांनी फिरणारं पॅडल. दर तासाला प्रत्येक भांड्यातून ५ मिलिलिटर काढायचं, तेवढंच ताजं बफर घालायचं, नमुना गाळायचा, पातळ करायचा आणि द्रावणात औषध किती ते प्रकाशानं मोजणाऱ्या यंत्रात २३३ नॅनोमीटरवर वाचायचा. बारा तास. एका बॅचचे बहात्तर नमुने. कॉलेज साडेपाचला बंद होतं, तेव्हा उशिरा थांबायला परवानगी अर्ज लागतो: त्यावर गाइड, विभागप्रमुख आणि प्राचार्यांची सही, हॉस्टेलच्या मुलींसाठी रेक्टरचं पत्र आणि पालकांचं संमतिपत्र. बाबांनी ते पोस्टानं पाठवलं. अर्जात एकेक तारीख लिहिलीत तर दर वेळी नवा अर्ज. मी दुसऱ्या खेपेला ‘डिसेंबर व जानेवारी, मंगळवार व शुक्रवार’ असं लिहून एकदाच सह्या घेतल्या.

पहिलं वाचन वाया गेलं. ९०० मिलिलिटरमध्ये ५०० मिलिग्रॅम म्हणजे मिलिलिटरला साडेपाचशे मायक्रोग्रॅमपर्यंत, आणि माझा प्रमाण आलेख, म्हणजे माहीत असलेल्या द्रावणांवरून काढलेली मोजपट्टी, होता दोन ते दहाचा. मी दहापट पातळ केलं होतं, शंभरपट करायला हवं होतं. आकडे यंत्राच्या मर्यादेपार गेले आणि रात्री नऊ वाजता ते लक्षात आलं. मी त्या स्टुलावर बसून रडले. सोबतीला थांबलेल्या मैत्रिणीनं न बोलता भांडी धुवायला घेतली. तुम्ही सुरुवातीच्या दिवशी एकच भांडं लावा, पहिल्या दोन तासांचे नमुने वाचा, मग सहा लावा. आणि बफर आदल्या दिवशी करून त्यातली हवा काढा, नाहीतर गोळीला बुडबुडे चिकटतात आणि ती वर येते. माझ्या गोळ्या तरीही हलायच्या, कधी तळाला चिकटायच्या. मामांनी स्टेनलेस स्टीलच्या तारेचे सैल वेटोळे करून दिले. त्यात गोळी ठेवली की ती जागेवर राहते आणि फुगायला मोकळीही असते. भेषजसंहितेला, म्हणजे औषधांच्या चाचण्यांच्या अधिकृत ग्रंथाला, असं चालतं, प्रबंधात तसं लिहा मात्र.

माझं लक्ष्य होतं पहिल्या तासाला चाळीस टक्क्यांच्या आत, तिसऱ्याला निम्म्याच्या आसपास, दहाव्याला किमान पंच्याऐंशी. एफ-१ नं पहिल्याच तासाला ५८ टक्के सोडलं. एफ-९ उलट अडून बसली, दहा तासांनी ७१. एफ-५ जमली: ३३, ५६ आणि ९१. वजन ७६२ मिलिग्रॅम. बाजारातल्या एका एसआर गोळीशी तुलना केली तर साम्यगुणक, ज्याला आम्ही एफ-टू म्हणतो (बॅच एफ-२ नव्हे), ६४ आला. पन्नासच्या वर आला की दोन्ही आलेख सारखे धरतात. मॅडमनी तो आकडा तीनदा तपासला आणि मग हसून माझ्या पाठीवर थाप मारली. मला त्या दिवशी आकड्यापेक्षा वजनाचा आनंद जास्त झाला.

१५ जानेवारीला एफ-५ स्थिरता कक्षात, म्हणजे गोळी टिकते का ते पाहायच्या कपाटात, गेली, ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता, तीन महिने. या काळात मार्चमध्ये एकदा सात तास वीज गेली. घाबरून लपवू नका. नोंदवहीत वेळ, तापमान आणि कारण लिहून गाइडची सही घ्या. परीक्षक अशी नोंद पाहून चिडत नाहीत. त्याच काळात बाहेरच्या प्रयोगशाळेतून डीएससीचे, म्हणजे पदार्थ तापवून त्याचं वितळणं मोजणाऱ्या चाचणीचे, दोन नमुने करून घेतले, प्रत्येकी १,२०० रुपये. औषध आणि स्टिअरिक आम्ल एकमेकांशी काही करत नाहीत ना, हे त्यातून कळतं. प्राण्यांवर प्रयोग केले नाहीत. त्याच्या नीतिसमितीची प्रक्रियाच आमच्या वेळापत्रकात बसत नव्हती.

लेखन फेब्रुवारीत सुरू केलं, ते जानेवारीत करायला हवं होतं. साधर्म्य तपासणीत, म्हणजे मजकूर दुसऱ्यांच्या लिखाणाशी किती जुळतो ते पाहताना, पहिला आकडा २७ टक्के आला. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार दहापर्यंत चालतं. माझं सगळं साधर्म्य पद्धतींच्या प्रकरणात होतं, कारण चाचण्यांची वर्णनं मी जुन्या प्रबंधांवरून उतरवली होती. पुन्हा बसून मी प्रत्यक्ष काय केलं ते माझ्या शब्दांत लिहिलं आणि आठ आलं. छपाई २,६००, काळ्या रेक्झिनच्या पाच प्रती बांधायला १,९००, गाळण कागद, सिरिंज फिल्टर वगैरे १,४५०. सगळं मिळून खिशातून साधारण तेरा हजार चारशे गेले.

२६ एप्रिलला प्रती जमा केल्या. तोंडी परीक्षा ११ मेला होती, पण ७ मेला आमच्याकडे लोकसभेचं मतदान होतं, निम्मे प्राध्यापक निवडणुकीच्या कामावर, आणि तारीख १४ जूनवर गेली. त्या पाच आठवड्यांत मी तीनदा सगळं विसरले आणि तीनदा पुन्हा वाचलं.

बाहेरून आलेल्या सरांनी पस्तीस मिनिटं घेतली. २०२० साली अमेरिकेत मेटफॉर्मिनच्या काही एसआर गोळ्या एनडीएमए या अशुद्धीमुळे परत घ्याव्या लागल्या, त्याबद्दल विचारलं. ते सांगता आलं. मग म्हणाले, “रुग्णानं या गोळीबरोबर दारू घेतली तर तुमची जेली टिकेल का?” मी तपासलं नव्हतं, तसं सांगितलं. त्यांनी २००५ चं उदाहरण दिलं: हायड्रोमॉर्फोनची हळू सुटणारी कॅप्सूल दारूबरोबर सगळं औषध एकदम सोडते असं दिसलं आणि ती अमेरिकेत बाजारातून काढावी लागली. “पुढच्या मुलांना हा प्रयोग करायला सांगा,” असं म्हणून त्यांनी पान उलटलं. तर सांगते आहे: बफरमध्ये अल्कोहोल घालून एक डिसोल्यूशन कराच. शेवटी त्यांनी विचारलं, “वजनाच्या एवढ्या मागे का लागलात?” मी अडकित्त्याचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवून ऐकलं.

निकालाआधी ‘नो ड्यूज’, म्हणजे काही देणं बाकी नाही असा दाखला, घ्यावं लागतं. ग्रंथालय, हॉस्टेल, लेखा विभाग आणि शेवटी लॅब. आईनं फोनवर विचारलं होतं, “तुझी ती लहान गोळी मला देशील का?” तिला सांगावं लागलं की नाही देता येणार, काचेच्या भांड्यात जमली म्हणजे माणसाला द्यायला झाली असं होत नाही, त्यासाठी माणसांवरच्या चाचण्या आणि परवानग्या लागतात, आणि ते एका प्रबंधाचं काम नाही. ती हल्ली अख्खी गोळी रात्रीच्या जेवणाबरोबर घेते, एक घोट आधी आणि दोन घोट नंतर. जुलाब थांबलेत.

२० जूनला मामांनी साठा नोंदवही काढली. एफ-५ च्या उरलेल्या ४१ गोळ्या मोजल्या, मी त्या खलात कुटल्या आणि कॉलेजच्या नियमाप्रमाणे रासायनिक कचऱ्याच्या पिंपात टाकल्या. मेटफॉर्मिनची उरलेली ३८ ग्रॅमची बाटली खालच्या वर्गाच्या प्रात्यक्षिकासाठी जमा केली. मामांनी माझ्या नावापुढे तारीख घातली, शिल्लक रकान्यात ‘निरंक’ लिहिलं आणि वही माझ्याकडे सहीसाठी वळवली.